पांढरा झगा, माझ्या मापाचा

सोमवार, ३ मार्च

दिलं बाई नाव! या रविवारी माझा बाप्तिस्मा. याआधी दोनदा नाव देऊन माघार घेतली. आता पुन्हा माघार घेतली तर मंडळीत तोंड दाखवायला जागा उरणार नाही.

गंमत बघ — चर्चमधले बाप्तिस्म्याचे सगळे झगे मीच शिवते. पांढरे, घोळदार. पाण्यात फुगून वर येऊ नयेत म्हणून काठात बारीक वजनं. लोक माझे झगे घालून चर्चच्या हौदात उतरतात, आणि मी बाजूला टॉवेल धरून कोरडी ठणठणीत! पाणी छातीला लागलं की जीव घाबराघुबरा होतो. त्यात पाळकसाहेबांच्या हातांवर उताणं पडून अख्खं बुडायचं!

जेवताना सासूबाई म्हणाल्या, "विश्वास असला की भीती वाटेलच कशी? आम्ही तर वाहत्या नदीत घेतला. तुमचा हौद तो काय!"

प्रार्थनेशिवाय माझा दिवस जात नाही. तो सगळा विश्वास खोटा का?

बुधवार, ५ मार्च

घरी सराव! ह्यांनी जमिनीवर गादी टाकली. "डोळे मिट आणि पड मागे. मी धरतो." पडले — आणि उजवा पाय आपोआप मागे! पुन्हा पडले, पुन्हा तेच.

"इतकी वर्षं संसार केलास, आणि माझ्यावर एवढाही भरवसा नाही?"

"मला आहे हो! पायाला नाही!"

सासूबाई दारातून बघत होत्या. "खरा विश्वास असता तर पाय जागेवर राहिला असता." झालं!

मी विचारलं, "तुम्हाला नदीत कुणी धरलं होतं, आई?" तर म्हणे, आता कोण आठवत बसतंय. आणि भाजी निवडायला निघून गेल्या.

शुक्रवार, ७ मार्च

झगा तयार. घाबरून वजनं दुप्पट घातली. असू देत.

रविवार, ९ मार्च

झालं!!!

पहिल्याच पायरीवर कठडा धरून थांबले. पाळकसाहेब आधीच कमरेएवढ्या पाण्यात. मी हळूच म्हटलं, "मला फार भीती वाटते हो."

तेही तितक्याच हळू म्हणाले, "मलाही. मला पोहता येत नाही. दर वेळी वाटते."

"मग?"

"मग काय! प्रभूला म्हणतो, भीती वाटतेय, धर मला. आणि उतरतो. या."

मला हसूच फुटलं. हसत हसत मागे पडले, नाकातोंडात पाणी गेलं. पाय कुठे होता कुणास ठाऊक! वर येताना मात्र झगा इतका जड झाला की पाळकसाहेबांना मी उचलेना. शेवटी हे बूटमोज्यांसकट हौदात उतरले. मंडळी टाळ्या वाजवतेय, हे पाणी निथळत उभे, आणि मी आनंदाने रडतेय.

माझा विश्वास खोटा नव्हता गं! घाबरट होता, पण खरा होता. किती हलकं वाटतंय आज.

जेवताना सगळं सांगितलं, पाळकसाहेबांच्या भीतीचंसुद्धा. हे हसून हसून बेजार. आई हसल्या नाहीत. ताट अर्धं टाकून उठल्या. माझं काही चुकलं का?

सोमवार, १० मार्च

आई दुपारी माझ्या मशीनपाशी आल्या. दार लोटून घेतलं.

"पाळकालाही भीती वाटते म्हणालीस ना?"

"हो, आई."

"मी नदीपर्यंत गेले होते. काठावरूनच परत फिरले. घरी येताना नळाखाली डोकं भिजवलं."

मग दोन्ही हात पसरून उभ्या राहिल्या. "टेप आण. आणि वजनं बेताची घाल."