शकूआत्या ज्ञानकोशात बसते का?

मंगळवार, संध्याकाळ. सुरत.

शकूआत्याची नोंद मी मोबाईलवरच्या ज्ञानकोशात टाकली. आता ती ठेवायची का काढायची, यावर तिथं चर्चा चालू हाय. आत्या शास्त्रज्ञ. केळीची पानं करपतात त्या रोगावर औषध शोधून राहिली. मी सातवीतून शाळा सोडलेला, तरी चार रात्री बसून लिवलं.

तिथल्या एका संपादकानं पुरावा मागितला, तर मी आमच्या गावच्या, अर्धापूरच्या चौकातल्या तिच्या सत्काराच्या फ्लेक्सचा फोटो टाकला. त्यानं लिवलं, "फ्लेक्स घरचेच लावतात. त्यांच्या कामावर बाहेरच्या कुणी लिहिलंय का?"

राग लई आला. पण खोटं काय बोलला? आमच्याकडं बारशालाबी फ्लेक्स लागतो. आत्याचा तर मीच लावला होता.

आत्याला फोन केला. ती हसतच सुटली. "येड्या, माझं औषध अजून दोनच वावरांत मारून पाह्यलंय. एकात करपा तसाच हाय. काढ ते."

"पण तू मोठी हायस ना?"

"तुझ्यासाठी हाय. जेवलास का?"

मग मीच चर्चेत लिवलं, "नोंद काढा. बाई अजून काम करून राहिल्या."