तेवीस नंबरची राहिलेली खूण

प्रिय पप्पा,

जय भीम.

तुम्ही गेल्यावर आज पहिल्यांदाच लिहितेय. पाच महिने झाले. इतके दिवस लिहावंसं वाटलं नाही असं नाही, पण लिहिणार काय? 'आम्ही मजेत आहोत' हे खोटं, आणि तुमच्याशी खोटं आता बोलायचं नाही असं ठरवलंय. का, तेच सांगायला बसलेय.

माझा पेपर आठवतोय ना? चाकणच्या कारखान्यांत दिवसभर उभ्यानं काम करणाऱ्या बायकांच्या पाठदुखीवरचा? मागच्या महिन्यात जर्नलवाल्यांनी तो घेतो म्हणून कळवलं, पप्पा! फक्त शेवटची संदर्भांची यादी आमच्या नव्या नमुन्यात बसवून परत पाठवा, म्हणाले. यादी म्हटल्यावर मला तुमच्याशिवाय कोण आठवणार? तुम्ही तपासलेली ती जुनी प्रिंट कपाटातून काढली.

काय ते तुमचं तपासणं! निघोज्याच्या कंपनीत वीस वर्षं क्वालिटीला, पार्ट मोजून पास करण्यात काढलीत. रिटायर होऊन दिघीच्या घरात बसलात, तर हात नुसते शिवशिवत होते. "दे इकडं. मला इंग्रजी कळत नसंल, पण नमुन्यासारखं हाय का न्हाई, येवढं कळतं." वर नमुना, खाली यादी आणि प्रत्येक ओळीखाली स्टीलची पट्टी. आडनाव, स्वल्पविराम, आद्याक्षर, टिंब, कंसात वर्ष. तिरपी अक्षरं बघताना तुमची मानही तिरपी व्हायची. आई हसायची आणि तुम्ही तिच्यावर डाफरायचात.

मी तीनदा तपासलेल्या यादीत तुम्ही एका दुपारी चौदा चुका काढल्यात! मी वैतागून म्हटलं, "अहो पप्पा, एका टिंबानं काय बिघडतंय?"

"तुझं न्हाई बिघडत. म्होरल्या माणसाला त्यो लेख सापडाय नगं का?"

आणि तुमची ती कायमची तक्रार! "येवढा अभ्यास केला बिचाऱ्यानं, आन नावाच्या जागी एकच अक्षर? पूर्ण नाव लिहायला जागा न्हाई व्हय यांच्याकडं?"

त्याच दुपारी, पट्टी तेवीस नंबरवर असताना, तुम्ही विचारलंत, "हे समदे तू सवता वाचलेत ना, बाई?"

मी मोबाईलमधून मानही वर केली नाही. "हो मग! न वाचता टाकीन का?"

खोटं होतं, पप्पा. चौतीसपैकी तेहतीस वाचले होते. तेवीस नंबरचा नव्हता वाचला. दुसऱ्या कुणाच्या पेपरच्या यादीतून तो जसाच्या तसा उचलला होता. त्यानं वाचला असेलच की, असं म्हणून. आम्हा संशोधन करणाऱ्यांत करतात सर्रास. दुसऱ्यानं मोजलेल्या पार्टवर तुम्ही कधी सही केली नाहीत, त्यापायी सुपरवायझरशी वाकडं घेतलंत, हे मी शाळेत असल्यापासून ऐकत आलेय. तरी खोटं बोलताना माझी जीभ जराही अडखळली नाही.

आता प्रिंट हातात घेतली तेव्हा दिसलं. चौतीस नंबर आणि तपासून झालं की तुम्ही करायचात त्या हिरव्या पेनाच्या खुणा तेहतीस. तेवीसपुढं काहीच नाही. मला हसूच आलं. आईला म्हटलं, "बघ, तुझ्या नवऱ्याचीपण चूक सापडली! एक खूण राहिलीय."

आई मेथी निवडत होती. म्हणाली, "राहिली न्हाई ती. मीच म्हणले होते त्यांना, एक सुटलंय बघा. तर म्हणले, त्ये तिनं आजून वाचलं न्हाई. वाचलं की आपणहून सांगंल. मग करतो."

पप्पा! तुम्हाला कळलं होतं? कशावरून हो? माझ्या आवाजावरून? आणि चकार शब्द काढला नाहीत! त्यानंतर दोन महिने आपण रोज समोरासमोर बसून जेवलो. तुम्ही मला भाकरीचा पापुद्रा काढून द्यायचात, आणि मनात वाट बघत होतात, आज सांगेल, उद्या सांगेल. एकदा कान धरला असतात तर काय बिघडलं असतं?

खूप रडले. मग तुमच्यावर चिडलेसुद्धा. कारण तुम्ही तरी कुठं खरं बोललात? छातीत दुखत होतं आणि "गॅस झालाय" म्हणत ओवा चघळत बसलात. माझी वाट बघायला वेळ होता, दवाखान्यात जायला नव्हता? त्याची माफी तुम्हाला मी अजून दिलेली नाही, सांगून ठेवते.

मग तो लेख मागवला. ग्रंथालयातल्या काकांनी दोन दिवसांत शोधून दिला. वाचला आणि कपाळावर हात मारून घेतला. त्यात उभ्यानं काम करणाऱ्या बायका नव्हत्याच! शिलाई मशीनवर बसून काम करणाऱ्या होत्या. आणि त्याच्या जिवावर मी अख्खा एक परिच्छेद ठोकून दिला होता.

गाईड मॅडमना फोन केला. त्या म्हणाल्या, "प्रज्ञा, कोण उघडून बघणारे? नमुन्यात बसव आणि पाठवून दे. पेपर छापून आल्याशिवाय तुझा थीसिस जमा होणार नाही, माहितीये ना?"

माहीत होतं. एक अख्खा दिवस नुसती बसून राहिले. नमुन्यात तर तेवीस नंबर अगदी चोख बसत होता, टिंबासकट.

तसा नाही पाठवला पेपर, पप्पा. परिच्छेद काढला, तो संदर्भ काढला, पुढचे सगळे नंबर एकेक करून बदलले आणि काय झालं ते संपादकांना सरळ लिहून टाकलं. आज त्यांचं उत्तर आलं. पेपर पुन्हा तपासणीला जाणार, किती महिने लागतील सांगता येत नाही. थीसिस यंदा होत नाही. मॅडम धड बोलत नाहीत. तुमचे कंपनीतले मित्र भेटले की विचारतात, "आमची पोरगी डॉक्टर कधी होणार?" आईच परस्पर सांगते, "व्हईल तवा व्हईल. तुमाला काय घाई हाय?"

वाईट वाटतंय, खूप वाटतंय. पण त्याहून जास्त वाटतं ते वेगळंच. जेवताना, ताटावरून हात न उचलता, दोन शब्दांत सांगून टाकता आलं असतं मला. तुम्ही हसला असतात, "माहीत हाय," म्हणाला असतात आणि पेन शोधायला उठला असतात. एवढंच तर होतं. तेवढंसुद्धा मी तुम्हाला दिलं नाही.

पप्पा, तेवीस नंबरचा लेख मी वाचला नव्हता. आता वाचलाय, दोनदा.

यापुढं कुणीही मला "वाचलंस का?" असं विचारलं आणि वाचलेलं नसलं, तर तिथल्या तिथं नाही म्हणेन. कुणाला वाट बघायला लावणार नाही.

तुमचीच,
प्रज्ञा