टेहळ्याचं डोकं

सगळ्यात आधी आला तो पुण्याचा टकलू, आबा. सून दारात सडा टाकत होती, आन हा गडी चपला हातात धरून ओल्या अंगणातून उड्या मारत आत. त्याच्यामागनं रिक्षातून उतरली सिडकोतली मॅडम, बँकेतून रिटायर झालेली, गळ्यात दोरीला भिंग. भिंग, आबा! आपण डोरलं घालतो तसं. आन शेवटी कंपनीवाला, लांबडा, पांढऱ्या गाडीतून. तो लई बोलत नाय, नुसता घर बघतो. कोपरे, माळा, भिंतीवरचे फोटो. कशाला आली म्हणाल ही माणसं? तुमच्यासाठी आली. दिवाळीच्या किल्ल्यावर मांडायला तुम्ही जे मातीचे शिपाई करायचे, ते आता धातूचे होणारेत. कंपनीवाल्यानं गेल्या साली तुमचे अकरा साचे माझ्याकडून नेले, त्यावरनं नमुने काढले आन साचे जसेच्या तसे परत आणून दिले. ‘जुन्या दख्खनची फौज’ असं नाव ठेवलंय, यंदा दिवाळीच्या आधी डब्यातून विकायला येणार. ह्या दोघांसारखी माणसं गावोगाव वाट बघत बसलीत म्हणे. पोरंसोरं नाय हो, केस पिकलेली माणसं! काचेच्या कपाटात शिपाई मांडतात, रोज पुसतात, पण खेळत नायत.

पोहे खाता खाता दोघांची जुंपली. मॅडम म्हणाली, “पहिला डबा माझा. मी आधी नाव नोंदवलंय.” टकलू म्हणतो, “ठेवणार कुठं? विलायती घोडेस्वार तर दिवाणाखाली लोळतायत तुमचे.” “माझा दिवाण, माझे घोडे! तुम्ही एक दिवस बायकोला माळ्यावर झोपवाल आन शिपायांना पलंगावर.” मी तोंडाला पदर लावून हसले. आपल्या घरात, आबा, तुमच्या हातच्या मातीसाठी शिकलेली माणसं भांडत होती. मी चौथी नापास बाई, मला काय कमी आनंद झाला असंल? मॅडमनं एक जुना शिपाई पालथा करून भिंगातून बघितला आन म्हणाली, “हा बघा, त्यांच्या अंगठ्याचा ठसा.” मग तिनं तो ठसा मला दाखवला. चाळीस वर्षं झाली तुम्हाला जाऊन. एवढ्या वर्षांत तुमचं नाव कुणी काढलं नव्हतं, आन ही बाई तुमचा अंगठा बघत होती.

मला गुलमंडीचा बाजार दिसायला लागला. तुम्ही गोणपाट अंथरून बसलाय, मी शेजारी बसून भालदाराच्या मिशांना काजळी लावतेय. गिऱ्हाईक मोजतं आन म्हणतं, “अकराच? डझन कुठंय?” तुम्ही बोट त्याच्या लेकराकडं करता. “बारावा हा की. ह्याला म्हणा, गडावर उभा राहा.” सगळे हसतात. पण घरी आल्यावर तुम्ही मला खरं सांगितलं होतं. तुमच्या बापानं घालून दिलेली रीत होती ती, अकराच्या वर साचा करायचा नाय. फौज पुरी झाली की ती लढाई मागती. म्हणून एक जागा रिकामी सोडायची, कुंभारानं तेवढं पथ्य पाळायचं.

चहा झाल्यावर टकलूनं खिशातून रुमाल काढला आन जपून उलगडला. “आजी, हा ओळखता का? सिल्लोडला एका भंगारवाल्याकडं मिळाला. जुन्या विहिरीच्या गाळात निघालाय म्हणे.” चार बोटं उंचीचा शिपाई, भाजलेल्या मातीचा. डावा हात भाल्यावर, उजवा हात लांबचं बघायला वर उचललेला. पण हाताखाली कपाळ नाय, तोंड नाय. मानेपासून तुटलेला. बघताक्षणी ओळखला मी. तेवढ्यात कंपनीवाला पहिल्यांदा बोलला. हळूच बोलला. “याचं डोकं कुठंय, आजी?” आन त्यानं छापील पुस्तक माझ्यापुढं उघडलं. अकरा शिपाई रंगीत. बाराव्या जागी नुसती काळी सावली, हात वर केलेली, आन खाली लिहिलंय, लवकरच. मला विचारायच्या आधीच त्यांनी हा तुकडा बघून सावली छापून टाकली होती.

मी नऊ वर्षांची होते तेव्हा, आबा. दादा फौजेत भरती होऊन दिवाळीच्या सुट्टीला पहिल्यांदा घरी आला होता, आन मी हट्ट धरला की बारावा करा, दादासारखा करा, टेहळणीवाला. तुम्ही नाय म्हणलात. मी दोन दिवस जेवले नाय. माय म्हणाली, “करा हो एक, पोरीचा जीव घ्याल का?” मग तुम्ही दादाला पाटावर बसवलं आन बाभळीच्या काट्यानं मातीत त्याचं तोंड कोरत गेलात. तो सारखा हसायचा, तुम्ही म्हणायचे, “हलू नको रे, नाक वाकडं व्हईल.” अकरा जणांना मिशा, हा एकटा बिनमिशांचा. अंगणातल्या किल्ल्यावर बारा उभे राहिले. आख्खी गल्ली बघायला आली. भाऊबीज झाली, दादा गेला, लढाई लागली, आन पौष लागायच्या आत तार आली. मायनं त्याचा एकुलता एक फोटो कपड्यांबरोबर पैठणला गोदावरीत सोडला. तुम्ही बारावा शिपाई दगडावर आपटला आन तुकडे मामाच्या विहिरीत टाकायला सिल्लोडपर्यंत गेलात. मला एका शब्दानं बोलला नाय. बोलला असतात तर बरं झालं असतं.

बोललात ते नंतर, माझ्या लग्नाच्या साली. माळ्यावरची पोती आवरताना त्या बाराव्याचा साचा माझ्या हाती लागला, दोन फाका सुतळीनं बांधलेल्या, वरनं शेणमातीनं लिंपलेल्या. मी सुतळी सोडायला बसले तर तुम्ही खालून असे ओरडला की चाकावरचं मडकं बसलं. “ठेव तो! एकदा उभा केला, तेवढं पुरे झालं.” आन जायच्या आधी, बोलायची ताकद नव्हती तरी माझं मनगट धरून म्हणालात, “तो फोडून टाक. विसरू नको.” मी व्हय म्हणले. नाय फोडला, आबा. सासरी आणला, ट्रंकेत गोधड्यांच्या खाली ठेवला. साच्यात तोंड उलटं असतंय, नाकाच्या जागी खळगा, किती बघितलं तरी माणूस दिसत नाय. पण दादाचं म्हणून तेवढंच राहिलं होतं, आन मला त्याचं तोंड आठवंना झालं होतं.

तर कंपनीवाल्यानं विचारलं आन मी सांगून टाकलं. म्हणले, “आहे की. साचा आहे, ट्रंकेत.” तो उठून उभाच राहिला. “आत्ता दाखवा.” सून दारातून पटकन म्हणाली, “आत्याबाई, ट्रंकेची चावी हरवलीय ना?” तिला ही सगळी गोष्ट ठाऊक आहे, मीच कधीतरी सांगितलेली. पण मला तेव्हा नुसतं कौतुक चढलेलं. हसत म्हणले, “हरवली कुठं, ही काय कमरेला!” ती आत निघून गेली, भांडी आदळायला लागली.

कंपनीवाल्यानं साचा हातात घेतला, सुतळी सोडली, उजेडाकडं तिरपा धरून लई वेळ आत बघितलं. मग मान वर करून भिंतीवरच्या फोटोकडं बघितलं. परत साच्यात. परत फोटोकडं. फोटो माझ्या नातीचा, सुनेच्या पोरीचा, वर्दीतला. ती फौजेत आहे, आबा, आता बायकांनाबी घेतात. पहाटे उठून धावायची पोरगी, गेल्या साली भरती झाली. त्यानं मोबाइल काढून तिच्या फोटोचा फोटो घेतला. टकलूनं विचारलं, “हा कशाला?” तर म्हणतो, “डोळे कसे रंगवायचे त्याची अडचण होती. मिटली.” मॅडम गळ्यातलं भिंग चोळायला लागली. साचा आजच नेतो म्हणाला. मी म्हणले, “आज अमावस्या, आज घरातली वस्तू बाहेर जात नाय. पुढल्या आठवड्यात न्या.” तो हसला. म्हणाला, “काही हरकत नाही, आजी. बारा झाल्याशिवाय आमचाही डबा बंद होत नाही.” गाडीत बसतानाबी तो फोटोकडंच बघत होता.

हे सगळं मागच्या रविवारी झालं. बुधवारी नातीचा फोन आला. “आजी, आम्हाला वर हलवलंय. तिथं फोन लागायचा नाय. तू आईला समजाव.” मागं कुणीतरी घाई घाई म्हणून ओरडत होतं. आज शनिवार. तेव्हापासून सून मोबाइल मांडीवर घेऊन बसते, माझ्याशी बोलत नाय, आन बातम्या लावल्या की उठून बंद करते. तिला वाटतंय, मी साचा द्यायचं कबूल केलं एवढाच माझा गुन्हा.

तेवढाच नाय, आबा. मंगळवारी दुपारी ती दळणाला गेली तेव्हा मी तुळशीच्या कुंडीतली माती काढली, चाळली, मळली. साच्यात राख भुरभुरली, तुम्ही करायचे तशी, फुंकर मारून जास्तीची उडवली. अंगठ्यानं माती दाबली, फाका जोडल्या. हाताला सगळं ठाऊक होतं. मला फक्त दादाला एकदा बघायचं होतं. साचा उघडला तर निघाला की हो, पहिल्याच खेपेला, नाकसुद्धा सरळ. मी लई हसले, त्याला ओवाळावंसं वाटलं. खिडकीत नेला. उजेडात त्याचं तोंड नीट बघितलं, आन ते आमच्या पोरीचं होतं.

हे पत्र कुठं टाकू? ट्रंकेतच ठेवीन, सुनेच्या हाती लागायला नको. शिपाई मोडायला तीनदा घेतला. ओलं फडकं टाकून ठेवते म्हणून माती अजून ओली आहे, नुसता चिमटा बसला तरी मोडंल. पण बोटं मानेपाशी गेली की मला ती श्वास घेतेय असं वाटतं, आन मग मोडवत नाय. पुसून परत उभा करते. कंपनीवाला साचा न्यायला सोमवारी येतो म्हणालाय, अकरा वाजायच्या आत.