साहेबांना नाही म्हटलं

तीर्थरूप बाबांना दुरून नमस्कार.

मी बरा आहे. आईला सांगा, खोकला थांबला.

इथल्या प्रदर्शनात कंपनीचा स्टॉल उभारतो आहोत. हत्याराला हात फक्त कामगार संघटनेच्या माणसाने लावायचा, असा नियम आहे. मला तो ठाऊक नव्हता. पहिल्याच दिवशी एक फळी जराशी तिरकी दिसली, म्हणून मी स्वतःच स्क्रू पिळला. सगळ्यांनी काम थांबवलं. त्यांचा म्होरक्या, मिशाळ सुतार, म्हणाला, "बाळा, आमच्या पोटावर का उठलास?" मी शरमेने स्क्रू काढला. मग त्यानेच तो बसवला. फळी अगदी तुमच्या हातची वाटावी इतकी सरळ बसली.

काल दिवे लावायचे राहिले होते. वायरमन जेवायला गेले आणि साहेबांचा फोन आला.

"ते येईपर्यंत तूच उरकून टाक. कोण बघतंय?"

"मी बघतोय ना, साहेब. मी हात लावणार नाही."

"मग परत आल्यावर दुसरी नोकरी शोध."

वायरमन आले, दिवे वेळेत लागले, पण साहेबांचा राग उतरलेला नाही. बाबा, ठेकेदाराने तुमचं काम परस्पर दुसऱ्याकडून करून घेतलं होतं, तेव्हा तुम्ही तीन महिने घरी बसला होता. ते मी पाहिलं आहे.

तुमचा गुडघा कसा आहे? औषध चुकवू नका. नोकरीचं आईला इतक्यात कळू देऊ नका. कळलंच, तर हेही सांगा की मी माफी मागितलेली नाही आणि मागणारही नाही.

तुमच्या दोन ओळींची वाट पाहणारा,
तुमचा धाकटा