हेलनबाईंना काय हवंय?

४ फेब्रुवारी

म्हणे इंग्लंडातही गरीब बायका असतात! त्यांच्यासाठी आमच्यासारखा बचत गट काढायचाय, म्हणून हेलन नावाची बाई शिनोलीत आलीय. एवढी गावं सोडून शिनोलीच कशी सापडली? विचारलं तर नुसती हसली.

तिचं बोलणं मराठीत सांगायला घोडेगावच्या चांदमलशेठची नात आहे, डिंपल. "अंजनाकाकू, चांगल्या आहेत हो त्या," म्हणाली. हिला काय कळतंय! मागे पेठ गावात माझ्या बहिणीच्या गटात एक असाच गोड बोलत आला आणि बायकांचे अंगठे घेऊन पसार झाला. मी गटाची अध्यक्ष. उद्या काही झालं तर बायका माझंच दार वाजवणार.

५ फेब्रुवारी

दिवसभर प्रश्न. कर्ज बुडालं तर? बुडत नाही म्हटलं. हप्ता आला नाही की आम्ही चारचौघी तिच्या ओट्यावर जाऊन बसतो. भांडत नाही. चहा मागतो आणि बसतो! बाई म्हणे, तिकडे शेजारणीचं नावही ठाऊक नसतं, असं दारात बसलं तर पोलीस येतील. आमची ठकूबाई म्हणाली, "येऊ द्या की. त्येंला बी च्या पाजू."

हसले मी पण. तेवढ्यापुरतंच.

संध्याकाळी अश्विनीचा फोन. तीही इंग्लंडातच. लेक माझी मजेत आहे, सार्थकरावांची मोठ्या कंपनीत नोकरी. हेलनबाईंचं सांगितलं तर म्हणते, "आई, तिला सगळं नीट सांग." एरवी अनोळखी माणसाला दारात उभं करू नको म्हणणारी पोर! हिला एवढा पुळका कशाचा?

६ फेब्रुवारी

बैठकीचे फोटो काढू दिले नाहीत. बरं झालं.

७ फेब्रुवारी

आज बाईंनी खोदून खोदून एकच विचारलं. एखादी अडचणीत आहे, पण लाजेपायी माहेरी कुणाला बोललेली नाही. अशीला गटात घ्याल का?

माझ्या मनात पाल चुकचुकली. आमच्यातल्याच कुणाचं तरी गुपित काढून घ्यायला बघतेय ही! ताडकन म्हणाले, "न्हाई घेणार. आईबापापासनं लपवती, ती आमच्यापासनं बी लपवंल. आधी घरी सांग म्हणावं, मग ये."

डिंपलनं ते इंग्रजीत सांगितलं. बाईंनी वही मिटली. लिहून काही घेतलं नाही. मला उगाच कसंतरी झालं, पण शब्द मागे घेतला नाही. गटाचा नियम तो नियम.

१० फेब्रुवारी

गेल्या एकदाच्या! जाताना मिठी मारली, डोळ्यांत पाणी आणलं. नाटकं. अजून कळलं नाही, आल्या होत्या कशाला.

१९ फेब्रुवारी

अश्विनीचा फोन. आधी नुसती रडली. सार्थकरावांची नोकरी दिवाळीतच गेलीय.

"आई, मला डबे करून विकायचेत. हेलनच्या गटात नाव घालायचंय. पण आधी घरी सांगितल्याशिवाय घेत नाहीत गं तिथं."