रिकाम्या गावातला उजेड

१२ जानेवारी २००८

तीर्थरूप भावोजींस गुरुदासचा वाकून नमस्कार.

आमच्या रियाच्या एम. ए.ला किती खर्च आला, असं ताईने फोनवर विचारलं होतं. मी फी सांगितली. ती खोटी नव्हती, पण तो काही खर्च नव्हे. खरा खर्च म्हणजे पहिल्या वर्षाला माझं होडीचं जुनं इंजिन, दुसऱ्या वर्षाला परसातला फणस, आणि दोन्ही वर्षं मिळून चंद्रावतीचं बोलणं. ('चेडवाक बी. एड. करूक व्हया होता, आज खंयच्या तरी शाळेत लागला असता,' हे रोज सकाळी, पेजेबरोबर.) इंजिनाचं दुःख नाही. ते मी भंगारातून उचलून उभं केलं होतं. कामाला लागलो तेव्हा माझ्यापाशी स्वतःचा एक पाना आणि दुसऱ्याचा हातोडा होता, हे आपण पाहिलेलंच आहे. फणसाचं मात्र आहे.

आपला डोळा कसा आहे? पट्टी निघेपर्यंत वाकू नये, शिंकू नये आणि ताईशी वाद घालू नये, असं इथलेही डॉक्टर सांगतात. हे पत्र ताईच वाचून दाखवत असेल, तेव्हा तिलाही नमस्कार. यंदा गावपळणीला आपण नव्हता, म्हणून मानकऱ्यांच्या रांगेत आपल्या जागी नारळ ठेवला होता. नारळ आपल्यापेक्षा कमी बोलला, एवढाच फरक.

रिया शिकते त्या विषयाचं नाव पर्यावरण मानव्यविद्या. माझ्या समजुतीप्रमाणे झाड लावलं तर ती शेतकी, विकलं तर वाणिज्य, आणि कापताना झाडाला काय वाटलं हे लिहिलं तर मानव्यविद्या. (आमच्या फणसावर तिने वीस पानं लिहिली. त्याच्याच फीत.) शेवटच्या वर्षाला प्रबंध असतो, तो नापास झाला तर वर्ष जातं. तिने आपलाच गाव घेतला. प्रस्ताव मला वाचायला दिला. त्यात होतं, 'या समुदायातील सर्व लोक दर चार वर्षांनी ग्रामदेवतेचा कौल घेऊन गुराढोरांसह तीन दिवस वेशीबाहेर राहतात व गाव रिकामे ठेवतात.' मनात म्हटलं, कसले विचित्र लोक असतील हे, आणि खाली बघतो तर आपल्या गावाचं नाव.

तिच्या कॉलेजने पाहणीच्या तारखा कमिटीत मंजूर केल्या. आपल्या देवाने पळणीची तारीख कौलात मंजूर केली. दोन्ही एकच निघाल्या. पाहणी 'उत्तरदात्याच्या राहत्या घरी' करायची, असा कमिटीचा नियम, आणि राहत्या घरी त्या दिवसांत कुत्रंसुद्धा नाही. मी कॉलेजात फोन केला, ते म्हणाले तारीख बदलता येणार नाही. देवळात गेलो, तिथेही तेच. फरक इतकाच की देवाने लगेच सांगितलं. कॉलेजने तीनदा दुसऱ्या टेबलावर पाठवून सांगितलं. शेवटी मीच तोड काढली. वेशीबाहेर जी झोपडी बांधतो तेच त्या दिवसांचं राहतं घर. कमिटीला हे इतकं आवडलं की त्यांनी ते स्वतःचं म्हणून लिहून घेतलं.

पळणीच्या आदल्या संध्याकाळी रियाच्या वर्गातली मुलं कुडाळला उतरली आणि आमच्या घरी आली. (त्यांच्या आगटे मॅडम मागाहून, म्हणजे पळणीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी वेशीवर पोचल्या.) सकाळी ढोल वाजला तसा गाव निघाला. आमच्या घरातून, भावोजी, एक जीव मागे राहिला नाही. बैल, कुत्रा, मांजर, तिची पिल्लं, कोंबड्या, सगळं मी स्वतः दारात उभा राहून मोजून बाहेर काढलं. ज्याने जन्मभर इंजिनं खोलून पुन्हा जोडली आणि हातात कधी एक वायसर शिल्लक राहू दिला नाही, त्याच्या मोजणीत चूक होत नाही.

मुलं गुणी, पण फार विचार करतात. त्यांतला रविराज पुण्याचा. मासा कुणी पकडला हे ठाऊक असल्याशिवाय आपण खात नाही, असं त्याने पहिल्या दुपारी जाहीर केलं. म्हणून शिवाला होडीवरून बोलावून त्याच्यापुढे उभा केला, दोघांनी हात मिळवले, आणि पोराने चार बांगडे खाल्ले. रात्री त्याने ओळख करून मागितली नाही. दिव्या म्हणून एक मुलगी सगळ्यांत 'मानवेतर' शोधत होती. चंद्रावतीने मला विचारलं, 'म्हंजे कोण, तुमचो भाव?' प्रश्नावलीत पहिलाच प्रश्न: निसर्गाशी आपले नाते कसे आहे, घनिष्ठ, मध्यम की तुटलेले? यशोदाकाकीने विचार करून सांगितलं, 'नातां आसा, पण येणां-जाणां नाय.' रियाने ते तसंच उतरवून घेतलं. आपल्या लोकांनीही काही कमी केलं नाही. प्रश्न विचारतायत म्हटल्यावर ज्याला त्याला काहीतरी ठाऊक असल्याचं आठवू लागलं.

त्यात पहिल्या रात्री तो प्रकार झाला. आपला लवू सड्यावरच्या उंच कातळावर बसून बिडी ओढत होता, तिथून त्याला गावात उजेड दिसला. तोही आमच्या माडीवर, एका खिडकीतून दुसऱ्या खिडकीत जाणारा. 'मिया सोताच्या डोळ्यांनी बघलंय, गुरुदासाच्या घरात दिवो फिरता हा.' सकाळच्या चहापर्यंत तो उजेड अर्ध्या गावाने बघितलेला होता. दुपारपर्यंत त्याला पाय फुटले, संध्याकाळी गाव राखणाऱ्या देवचाराची घुंगुरकाठी आली. मुलांनी सगळ्यांच्या मुलाखती घेतल्या, आणि रियाच्या प्रबंधात त्याचं एक अख्खं प्रकरण झालं: माणूस नसताना गाव कुणाचा असतो? आगटे मॅडमनी त्याच प्रकरणाला सगळ्यांत जास्त गुण दिले. एकही शंका विचारली नाही.

चौथ्या दिवशी कौल मिळाला, घरी आलो, सगळं छान झालं. पण लवूने आता उलटी बाजू धरली आहे. म्हणतो, देवचार कसला, 'गुरुदासान माडयेर गिऱ्हाईक ठेवल्यान,' म्हणजे मी पैसे घेऊन कुणाला तरी उतरवलं. पंचविसाला देवळात बैठक आहे. उजेड देवाचा ठरला तर उत्तम, कारण त्या तीन रात्री गाव त्याचाच. माणसाचा ठरला तर पळण बाटली, मे महिन्यात सगळ्या गावाने पुन्हा बाहेर पडायचं. लवूच्या बोलण्याला कुणी किंमत देत नाही, तरी आपल्या कानावर घातलं.

डोळ्याला जपावे. चंद्रावतीने कोकमं आणि सुके बांगडे पाठवले आहेत. लहानांना आशीर्वाद.

आपला,
गुरुदास

ता. क. हा कागद वेगळ्या बंद पाकिटात घातला आहे. पट्टी निघाल्यावर आपण स्वतः वाचावा. (ताईने अगोदरच उघडला असेल तर ताई, हे तुझ्या माझ्यात.)

आगटे मॅडम मागाहून आल्या नव्हत्या. मुलांबरोबरच आल्या होत्या. प्रवासाने डोकं धरलं म्हणून गोळी घेतली, कानात कापूस घातला, उठवू नका सांगून माडीवरच्या खोलीत झोपल्या. सकाळी मुलांना वाटलं, त्या गाडीतून पुढे गेल्या. आम्हाला वाटलं, मुलांबरोबर आहेत. दिवसभरात कुणालाही त्यांची उणीव भासली नाही, हेही प्रकरणात घालण्यासारखं होतं. त्या दुपारी उठल्या, रिकाम्या गावात हाका मारून, वेशीची वाट न सापडल्याने परत आल्या, आणि रात्री वीज गेल्यावर बॅटरी घेऊन मोबाईलची रेंज शोधत या खिडकीतून त्या खिडकीत फिरल्या. दुसऱ्या दिवशी उजाडता वेशीवर मलाच भेटल्या. म्हणाल्या, 'कुणाला बोलू नका. गावाची प्रथा मोडायची नाही, हा आमच्या कमिटीचा पहिला नियम आहे. मोडली तर पाहणी रद्द.' म्हणजे रियाचं वर्ष गेलं. तिला यातलं काही ठाऊक नाही, आणि परसात आता दुसरा फणस नाही.

तेव्हा पंचविसाच्या आत मानकरी म्हणून आपलं पत्र यावं, की असा उजेड पळणीत पूर्वीही दिसे आणि आपल्या आजोबांनी तो पाहिला होता. आजोबा शेवटी शेवटी बरंच काही बघत, त्यात हे एक बसून जाईल.

ता. क. २. त्या सकाळी दारात उभा राहून मी कोंबड्या मोजल्या होत्या, हे खरं आहे. माणसं मोजली नव्हती.