वर्गात न उच्चारायचा शब्द

जि. प. शाळा, ता. उमरगा
१४ जुलै २०२५

ती. शंभूदादास,
निकिताचा सा. न. वि. वि.

फोन असताना हिला पत्र कुठून सुचलं, असं म्हणून हसशील. पण फोनवर तू नुसतं 'हं, हं' करत राहतोस, मला मधेच रडू येतं आणि तू जिंकल्यासारखा फोन ठेवतोस. कागदावर मला रडू येत नाही.

शुक्रवारी मी प्रशिक्षणाला तालुक्याला होते. तुला ते ठाऊक होतं, आदेश तूच काढला होतास. नेमका त्याच दिवशी तू शाळेत येऊन माझं कापड गुंडाळून नेलंस आणि मुलांना म्हणालास की हे सगळं विसरून जा. केंद्रप्रमुख झालास, दहा शाळा हाताखाली आल्या, म्हणून बहिणीच्या वर्गातून चोरासारखं सामान उचलायचं?

कापड कशाचं आहे, हे तरी आधी विचारायचंस. पाचवीला आदिमानव आहे. पुस्तकात बोटभर नकाशा आणि आफ्रिकेतून निघालेले दोन-तीन बाण. बाण बघून मुलांना काय कळणार? म्हणून गावातल्या बायकांकडून जुनी लुगडी मागून आणली आणि एकाला एक जोडून व्हरांड्याएवढी लांब पट्टी शिवली. एका टोकाला आफ्रिका, मग समुद्राच्या कडेकडेनं अरबस्तान, सिंध, आणि दुसऱ्या टोकाला आपलं गाव. मुलांनी गेरूत पाय बुडवून त्यावर चालत पावलं उमटवली. एकेका पावलात किती पिढ्या गेल्या असतील, हे ती एकमेकांना समजावत होती. घोकंपट्टी करून हे होत नाही, दादा.

गावाच्या टोकाला मात्र प्रत्येकालाच पाऊल हवं होतं. ढकलाढकली झाली. हायवेवर पंक्चर काढणाऱ्या वलीभाईंची आरजू पुढं होती, तिला पोरांनी मागं ओढलं. वलीभाई बिदरकडून आलेले, म्हणून उपऱ्यांनी शेवटी यायचं म्हणे. माझं डोकं फिरलं. मी म्हणाले, कापडाकडं बघा, इथं सगळेच उपरे आहेत, कुणी आधी आलं, कुणी मागून. गोरोबा पाटलांच्या शिवरंजनीनं ते घरी जाऊन सांगितलं, आणि तिथून हा सगळा तमाशा.

तू येऊन गेल्यापासून आरजू शाळेत नाही. 'सरांनी कापड नेलं म्हणजे बाई खोटं बोलल्या,' असं मुलांनी तिला ऐकवलं. वर तू मला २६ तारखेच्या पालकसभेत चूक झाल्याचं लेखी द्यायला सांगतोस. मी देणार नाही. पाठ खरा आहे. कापड परत कर.

वहिनींना नमस्कार. तुझ्यावर माया आहे, पण सध्या ती शोधावी लागेल.

तुझी धाकटी,
निकिता

उमरगा
१६ जुलै २०२५

चि. निकितास,
अ. उ. आ. वि. वि.

पत्र शिपायानं आणून दिलं. अक्षर अजून चांगलं आहे तुझं, जीभ मात्र आईवर गेली. चोर पोच देत नाही. मी मुख्याध्यापकांना पोच देऊन कापड नेलं आहे.

आदिमानव शिकवू नकोस, असं कोण म्हणतंय? कापडही मला आवडलं. आफ्रिका जरा खेकड्यासारखी झाली आहे, तेवढं चालायचंच. पण उपरा हा शब्द वर्गात उच्चारायचा नसतो. स्थलांतरित म्हण, भटके म्हण, फिरस्ते म्हण. शब्दांचा दुष्काळ पडला होता का? गोरोबा माणसं गोळा करून माझ्या दारात आला. आमची पोरं उपरी न्हाईत, आमच्या पणज्याच्या पणज्याची समाधी हितं हाय, असं गल्लीला ऐकू जाईल एवढ्या आवाजात सांगत होता. त्याला तू सत्तर हजार वर्षं दाखवणार?

आणि एक. या शब्दाचा मार तू खाल्लेला नाहीस. ज्याला आयुष्यात कुणी उपरा म्हटलं नाही, त्यानं आपण सगळेच उपरे म्हणणं फार सोपं असतं. ते वाक्य ऐकलं तेव्हा तुझ्या कानाखाली द्यावी, असं मला वाटलं. दोन ओळी लिहून दे आणि विषय संपव. उद्या वरून कारवाई आली तर ती अडवण्याएवढा मी मोठा नाही.

जेवणाची हेळसांड करू नकोस. आशीर्वाद नेहमीचेच, पण मनापासूनचे.

तुझा,
शंभू

येरमाळा
२० जुलै २०२५

चि. निकीस,
तुज्या आईचे लई आशीर्वाद.

तू तुजं आन् शंभूचं, दोन्ही पत्रं मोबाईलवर धाडलीस, ती शेजारच्या शिवकुमारनं वाचून दावली, आन् ह्येबी मी सांगते तसं त्योच लिवतोय. दोघंबी मास्तर, आन् भांडताव कुत्र्यामांजरावानी. आधी तुजं सांगते, मंग त्येचं.

मला भाऊ न्हवता म्हून तुज्या बाबांना परंड्याकडनं घरजावई करून आनलं, ह्ये तुला ठावं हाय. पर गावानं त्येंना कवा नावानं हाक मारली न्हाय, ह्ये तुला ठावं न्हाय. उपरा म्हनायचे. बाई परगावी गेली तर नांदाया गेली म्हनत्यात, बाप्या गेला की उपरा. शंभू कबड्डी लई चांगली खेळायचा. गावचा संघ कळंबला निघाला, तवा पोरांनी त्येला टेम्पोतनं खाली उतरवलं. गावच्या संघात उपऱ्याचं पोर न्हाय म्हनले. बाबा समूर हुबं होते. त्ये त्येला घिऊन गुमान घरी आले, आन् शंभू परत कवा मैदानावर गेला न्हाय. तू तवा पाळन्यात हुतीस. पुढं तुला कुनी तसं म्हनलं न्हाय, कारन पोरीला म्हनत न्हाईत. ती जायाचीच असती.

म्हून त्येला त्यो शब्द सोसत न्हाय. तू त्यो समद्यांना वाटलास परसादावानी.

पर त्या आरजूला मागं वडलं, तवा शंभूनं कुनाची बाजू घेतली? वडनाऱ्यांची. टेम्पोतनं उतरवनाऱ्यांचंच काम केलं त्येनं. ह्ये त्येलाबी लिवलंय, शिव्या घालून.

पंचमीला दोघं मिळून या, न्हायतर कुनीच येऊ नगा.

आई

उमरगा
२७ जुलै २०२५

चि. निकितास,
आशीर्वाद.

काल सभेत 'लिहून देणार नाही' म्हणालीस आणि तरातरा निघून गेलीस. पुढचं तुला गोरोबाच्या तोंडून कळण्याआधी मी कळवतो.

आईनं मला काय लिहिलं ते तुला दाखवण्यासारखं नाही. तरीही मी सभेला सरकारी भाषेतलं निवेदन घेऊन आलो होतो, कुणालाच न दुखवणारं. गोरोबानं विचारलं, साहेब, तुमीच सांगा, ह्या गावात उपरं कोन? मी निवेदन वाचायला घेतलं. वर बघितलं तर वलीभाई दारात उभे. आत खुर्च्या रिकाम्या होत्या, पण त्यांना कुणी बस म्हटलं नव्हतं. मीसुद्धा नाही.

मग माझ्या तोंडून निघालं, मी. मी उपरा. माझा बाप घरजावई होता आणि मी उपऱ्याचं पोर म्हणूनच वाढलो, तेव्हा कुणाला आणखी कुणाला म्हणायचं असेल तर आधी मला म्हणा. गोरोबानं टोपी काढून हातात फिरवली. शेवटी म्हणाला, कापड ऱ्हाऊ द्या, फकस्त व्हरांड्यात नगं, रस्त्यावरनं दिसतंय. तेवढ्यावर मिटलं. वलीभाई आरजूला पाठवतो म्हणाले. कापड उद्या मिळेल.

तुझ्यावरचा राग गेलेला नाही. मेलेल्या बापाची चारचौघांत मला त्या शब्दानं ओळख करून द्यावी लागली, आणि ती तुझ्यामुळं.

रागात लिहिलंय, तरी आशीर्वादात खोट नाही.

शंभू

जि. प. शाळा, ता. उमरगा
२८ जुलै २०२५

ती. दादास,
सा. न. वि. वि.

कापड आलं, आरजूही आली. सभेत मी थांबायला हवं होतं, हे कबूल. पण तू ते बोललास याचा मला आनंद नाही झाला, संताप आला. मान खाली घालायची होती ती त्यांनी, आणि उघडं व्हावं लागलं तुला.

'पोरीला म्हनत न्हाईत, ती जायाचीच असती,' हे आईनं मला लिहिलेलं वाक्य माझ्या डोक्यातून जात नाही. तुला उपरा म्हणाले, कारण तू तिथंच राहशील, वाटा मागशील, याची त्यांना धास्ती होती. माझी कुणाला धास्तीच नव्हती. मी मार खाल्लेला नाही, हे तुझं खरंच आहे. मला मारावं एवढंही त्या गावानं मला मोजलं नाही. याचा राग कुणावर काढू ते कळत नाही, म्हणून तुला लिहिते.

आज वर्गात कापड अंथरलं आणि मुलांना आपापल्या पावलाशेजारी आपल्या गावाचं नाव लिहायला सांगितलं. आरजूनं दोन लिहिली, बिदर आणि हे. बाकीच्यांनी भराभर एकच लिहिलं. शिवरंजनी मात्र स्केचपेन हातात धरून नुसती बसली होती. तीच, जिच्या घरची समाधी इथं आहे आणि जिच्या बापानं आमची पोरं उपरी नाहीत म्हणून तुझं दार गाठलं. का लिहीत नाहीस, असं विचारलं तर अगदी सहज म्हणाली, बाई, माजं गाव अजून ठरायचंय.

रागासकट तुझीच,
निकिता